पीक भरघोस आलं तरी ताट रिकामं राहू शकतं

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये लॉकडाऊन लागला आणि ब्रिटनमधल्या सुपरमार्केटांतून पीठ गायब झालं. लोकांना वाटलं गहू संपला. पण गहू होता, गिरण्या चोवीस तास चालू होत्या, पीठही रोजच्यासारखं तयार होत होतं. भानगड अशी होती की तिथल्या गिरण्यांच्या एकूण पिठापैकी दुकानातून घरी जाणारं पीठ जेमतेम ४ टक्के, बाकी सगळं टँकरने नाहीतर मोठमोठ्या पोत्यांतून बेकऱ्यांना आणि कारखान्यांना जायचं, आणि छोट्या पिशव्या भरणारी मशिनं त्या ४ टक्क्यांच्या हिशोबानेच बसवलेली. एकाच आठवड्यात सगळे घरी पाव भाजायला बसले तेव्हा पीठ पडून आणि पिशवीत भरणारं मशीन अपुरं, अशी गत झाली.

हे सुरुवातीलाच सांगितलं कारण अन्नव्यवस्था मजबूत करायचा विषय निघाला की बोलणं लगेच शेताकडे वळतं. बियाणं, पाऊस, खत, बस. शेतातून ताटापर्यंत मध्ये वाळवणं असतं, साठवणं असतं, दळणं, पॅकिंग, ट्रक, बंदर, कोल्ड स्टोरेज, वीज, बँकेचं पेमेंट, आणि हे सगळं चालवणारी माणसं. यातलं काहीही एक बसलं की बाकीचं ठणठणीत असून उपयोग नाही. धक्का पचवणारी अन्नव्यवस्था म्हणजे दुष्काळ, युद्ध, साथ, संप, काहीही आलं तरी लोकांच्या पोटात अन्न पडत राहील अशी सोय. नुकसान होणारच नाही असं कोणी म्हणत नाहीये, नुकसान होईल, पण एक वाट बंद झाली तर दुसरी आहे का, एवढा प्रश्न विचारायचा. आणि हा प्रश्न विचारायला लागलं की या विषयावरच्या बऱ्याच लाडक्या समजुती डळमळायला लागतात.

सगळ्यात मोठी समजूत अर्थातच उत्पादनाची. जास्त पिकवा, प्रश्न सुटेल. आता जगात माणशी रोज सरासरी २,९०० कॅलरींच्या आसपास अन्न उपलब्ध होतं, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच, आणि तरीही संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये सुमारे ६७ कोटी लोक भुकेले होते आणि २६० कोटी लोकांना पौष्टिक जेवण परवडत नव्हतं. म्हणजे अन्न आहे, पण ते सगळ्यांपर्यंत पोचत नाही किंवा घ्यायला पैसे नाहीत. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, आणि त्याच वर्षांत तिथून ओट, लोणी आणि जनावरं जहाजात भरून इंग्लंडला जात होती. कारण बटाटा हे गरिबाचं अन्न होतं आणि ओट-लोणी विकत घ्यायची त्याची ऐपत नव्हती. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल हेच मांडलं की नुसतं धान्य किती होतं हे मोजून भागत नाही, ते कोणाच्या हातात पडू शकत होतं हे बघावं लागतं.

पण मला यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं ते २००७-०८ च्या तांदळाचं, त्यावर जरा थांबू. त्या हंगामात जगात तांदळाचं पीक विक्रमी आलं होतं. विक्रमी, लक्षात घ्या. तरी काही महिन्यांत जागतिक बाजारातला भाव जवळजवळ तिप्पट झाला, थायलंडचा तांदूळ टनाला तीनशे-साडेतीनशे डॉलरवरून २००८ च्या एप्रिल अखेरीस हजार डॉलरच्या आसपास गेला. झालं काय, तर गहू आणि खनिज तेल महागत होतं, ते बघून भारताने २००७ च्या ऑक्टोबरमध्ये तांदळाच्या निर्यातीवर बंधन आणलं, मागोमाग व्हिएतनामनेही हात आखडता घेतला, मग आयात करणारे घाबरले, फिलिपिन्सने मोठमोठी टेंडरं काढली, ती बघून व्यापाऱ्यांनी माल दाबून धरला आणि घराघरात लोकांनी जास्तीच्या पिशव्या आणून ठेवल्या. प्रत्येकजण आपापल्या जागी शहाणपणानेच वागत होता. सगळ्यांनी मिळून मात्र धान्य भरपूर असताना टंचाई ओढवून आणली.

आणि हे सुटलं कसं ते तर आणखी गमतीशीर. जपानकडे जागतिक व्यापार कराराच्या अटीपायी घ्यावा लागलेला सुमारे १५ लाख टन परदेशी तांदूळ गोदामात पडून होता, तिथल्या लोकांना तो खायचा नव्हता, आणि ज्या देशांकडून घेतला त्यांच्या संमतीशिवाय बाहेर विकता येत नव्हता. अमेरिका आड येणार नाही असं स्पष्ट झालं, जपानने २००८ च्या मे महिन्यात आपण हा साठा मोकळा करायला तयार आहोत असं सांगितलं आणि भाव कोसळायला लागला. तांदूळ अजून गोदामातून हललाही नव्हता. म्हणजे भीतीने चढलेला भाव नुसत्या बातमीने उतरला. या सगळ्यात शेतकऱ्याने एकरी दोन क्विंटल जास्त काढले असते तर काय फरक पडला असता सांगा.

दुसरी लाडकी समजूत म्हणजे सगळं जवळच पिकवायचं, बाहेरून काही आणायचंच नाही, म्हणजे आपण सुरक्षित. ऐकायला फार बरं वाटतं. जवळचं घेण्याचे फायदे आहेतच, ताजं मिळतं, पिकवणाऱ्याच्या हातात दोन पैसे जास्त पडतात, दूरची वाट तुटली तर जवळची असते. पण एकाच भागावर सगळी भिस्त ठेवली आणि त्या भागात पूर आला, टोळधाड आली, पाऊस रुसला, तर? आजवरच्या कितीतरी दुष्काळांत हेच झालंय, शंभर-दोनशे मैलांवर धान्य होतं पण आणायची सोय नव्हती. (लांबून आणलेल्या अन्नाने हवामानाचं फार वाटोळं होतं हा मुद्दा लोक यातच मिसळतात. अन्नामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा ६ टक्क्यांच्या आसपास आहे, काय खाता आणि ते कसं पिकवलं याचा वाटा कितीतरी मोठा. पण तो वेगळा विषय.)

कतारचं बघा. जून २०१७ मध्ये शेजाऱ्यांनी नाकेबंदी केली, सौदी अरेबियाने जमिनीवरची एकुलती एक सीमा बंद केली, आणि कतारचं जवळजवळ ४० टक्के अन्न त्याच रस्त्याने यायचं. दुकानांत झुंबड उडाली. मग काही दिवसांतच तुर्कस्तान आणि इराणमधून विमानाने, जहाजाने माल यायला लागला, आणि पुढे तर चक्क विमानात घालून गाई आणल्या, वाळवंटात एसी लावलेले गोठे उभे केले, दोनेक वर्षांत देश दूध बाहेर पाठवायला लागला. ही गोष्ट सगळे स्वावलंबनाचा विजय म्हणून सांगतात. पण त्या गाईंचा चारा बराचसा बाहेरून येतो आणि पाणी समुद्राचं खारेपण काढून. आधी दूध बाहेरून यायचं, आता दुधाचा कच्चा माल बाहेरून येतो. याला मी फसवणूक म्हणणार नाही, चारा महिनोन्महिने साठवता येतो आणि ताजं दूध येत नाही, त्यामुळे हा बदल शहाणपणाचाच आहे, पण याला पूर्ण स्वावलंबन म्हणू नये एवढंच. आणि पहिल्या आठवड्यात कतारला गाईंनी वाचवलं नाही, वाचवलं दुसऱ्या वाटांनी.

म्हणजे आयात हा दोष नाही, एकच दार असणं हा दोष आहे. आता कोणी म्हणेल, ठीक आहे, मग दोन-तीन पुरवठादार ठेवू, प्रश्न मिटला. इजिप्तने तेच केलं होतं की. त्यांचा आयातीचा गहू मुख्यतः रशिया आणि युक्रेन अशा दोन देशांकडून यायचा, कागदावर देश दोन, पण समुद्र एकच, काळा समुद्र. २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध पेटलं तेव्हा दोन्हीकडचा माल एकदम अडचणीत आला. तसंच २०२३ च्या शेवटी झालं, पनामा कालव्यात दुष्काळामुळे पाणी कमी झालं म्हणून रोजची ३६ च्या आसपास जाणारी जहाजं २२ वर आणली, आणि धान्याची जहाजं सुएझकडून न्यावीत म्हटलं तर नेमके त्याच वेळी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही, एकीकडे पाऊस, दुसरीकडे युद्ध, पण जहाजाच्या कॅप्टनला काय त्याचं, त्याला आफ्रिकेला वळसा घालावाच लागला.

विविधतेचा हा जो खोटा भास असतो ना, त्याचं माझ्या मते सगळ्यात भारी उदाहरण अमेरिकेतल्या मक्याचं आहे, १९७० सालचं. मक्याचं हायब्रीड बियाणं करायचं तर मादी म्हणून धरलेल्या ओळींचे तुरे परागकण सुटायच्या आधी हाताने खुडावे लागतात. उन्हात ओळीने चालायचं आणि एकेक तुरा उपटायचा, हजारो एकरांवर, यासाठी सुट्टीतली शाळकरी पोरं लावायचे. मग टेक्सासमध्ये असा एक मका सापडला की ज्याच्या तुऱ्यात परागकण तयारच होत नाहीत, आणि हा गुण आईकडून पुढे उतरतो. मजुरीचा खर्चच गेला! सगळ्या कंपन्यांनी तो वापरला. शेतकऱ्याला दुकानात वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या नावांची, वेगवेगळ्या उंचीची वाणं दिसत होती, पण १९७० पर्यंत त्यातल्या ८५ टक्क्यांच्या आसपास मक्याच्या आत ही एकच गोष्ट सारखी होती. आणि नेमकी तीच गोष्ट एका बुरशीच्या नव्या प्रकाराला मानवली. पानांवर करपा पडत पडत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकला आणि देशाचं साधारण १५ टक्के मक्याचं पीक गेलं, दक्षिणेत काही शेतं तर पार साफ.

सावरले मात्र पटकन, कारण जुन्या पद्धतीचं साधं बियाणं पूर्ण नाहीसं झालेलं नव्हतं, ते उबदार भागात हिवाळ्यातच वाढवून घेतलं आणि पुढच्या उन्हाळ्यात पोरं पुन्हा तुरे खुडायला. जे बियाणं धंद्याच्या हिशोबात मागास ठरलं होतं त्याच्यावरच सगळं निभावलं. म्हणून विविधता मोजताना पाकिटावरची नावं मोजून उपयोग नाही, आत काय सारखं आहे ते शोधावं लागतं, मग ते बियाणं असो, बंदर असो, नाहीतर सगळ्यांच्या बिलिंगचं एकच सॉफ्टवेअर असो.

इथून आपण येतो कार्यक्षमतेकडे, आणि इथे माझं मत जरा तिखट आहे. गेली काही दशकं मॅनेजमेंटवाल्यांनी सगळीकडे एकच घोष लावलाय, साठा म्हणजे अडकलेला पैसा, जास्तीची मशिनं म्हणजे उधळपट्टी, एक मोठा प्लांट चार छोट्या प्लांटांपेक्षा स्वस्त. चांगल्या दिवसांत हे शंभर टक्के खरं आहे आणि त्यामुळे अन्न स्वस्त झालं हेही खरं. पण गाडीत स्टेपनी ठेवली की वजन वाढतं, पेट्रोल जास्त जातं, डिकीत जागा अडते, म्हणून ती काढून टाकणं याला बचत म्हणायचं का? अमेरिकेत लहान बाळांच्या दुधाच्या पावडरीचा ९० टक्क्यांच्या आसपास बाजार चार कंपन्यांच्या हातात होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये मिशिगनमधला एक मोठा कारखाना जंतूंच्या शंकेवरून बंद ठेवावा लागला आणि बघता बघता देशभर आया दुकानोदुकानी डबे शोधत फिरायला लागल्या. बाहेरून आणावं तर आयात शुल्क आणि लेबलांचे नियम इतके कडक की परदेशी पावडर जवळजवळ येतच नव्हती. शेवटी मे महिन्यात लष्करी विमानाने जर्मनीहून डबे आणले. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात, युद्ध नाही, दुष्काळ नाही, एक फॅक्टरी बंद. यात दूध देणाऱ्या गाईंचा, शेतकऱ्यांचा काही संबंधही आला नाही.

अन्न वाया घालवू नका हे सगळे सांगतात आणि बरोबरच सांगतात, २०२२ मध्ये घरं, हॉटेलं आणि दुकानं मिळून १०० कोटी टनांहून जास्त अन्न टाकलं गेलं. पण थोडा जास्तीचा साठा आणि नासाडी हे एकच समजून दोन्ही शून्यावर आणायला निघालं की पुन्हा तीच स्टेपनी काढून टाकल्याची गत.

बरं, आता रसायनं. एक बाजू म्हणते रासायनिक खतं बंद केली की व्यवस्था आपोआप मजबूत होईल. श्रीलंकेने एप्रिल २०२१ च्या अखेरीस रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी घातली, एका झटक्यात, डॉलरची टंचाई हेही त्यामागचं कारण होतंच. तेवढं शेणखत-कंपोस्ट देशात तयार नव्हतं, शेतकऱ्यांना शिकायला वेळ नव्हता, भाताचं उत्पादन पहिल्या सहा महिन्यांत सुमारे २० टक्के घसरलं, तांदळात स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तांदूळ आयात करावा लागला आणि नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यायला सुरुवात झाली. यावरून दुसरी बाजू लगेच टाळ्या पिटते की बघा, सेंद्रिय शेती फसली. तर तसंही नाही हो. फसली ती घाई. जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचं अन्न आज कारखान्यात बनलेल्या नत्र खतावर उभं आहे आणि ते खत बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून बनतं, म्हणून तर २०२१-२२ मध्ये गॅस भडकला तेव्हा युरोपातल्या खत कारखान्यांना उत्पादन थांबवावं लागलं आणि तो चटका पार दुसऱ्या खंडातल्या शेतकऱ्याला बसला. म्हणजे रसायनांवरचं पूर्ण अवलंबनही एकच दार आहे. कडधान्यं फेरपालटात घेणं, माती तपासून मोजकंच खत देणं, शेणखत वाढवणं, याने त्या एका दाराची हळूहळू दोन-तीन दारं होतात, पण त्याला हंगामामागून हंगाम लागतात, सरकारी आदेशाच्या तारखेला होत नाही.

टेक्नॉलॉजी वाचवेल म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात: इमारतीत दिव्यांखाली वाढवलेली पालेभाजी छान असते, पण तिथे सूर्याचं काम विजेने करावं लागतं, त्यामुळे गहू-तांदूळ-मका असलं पोट भरणारं धान्य तिथे परवडत नाही, आणि वीज गेली की सगळंच गेलं. अमेरिकेतली एरोफार्म्स ही या क्षेत्रातली नावाजलेली कंपनी जून २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, बिल भरून भरून या धंद्यातले भलेभले टेकीला आलेत.

त्यापेक्षा ज्याच्या बातम्या होत नाहीत अशा एका टेक्नॉलॉजीकडे बघा, पिशवी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळी साठवण्यासाठी संशोधकांनी तीन थरांची पिशवी वापरात आणली, आत प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या आणि बाहेरून विणलेलं पोतं, तोंडं एकावर एक घट्ट पिळून बांधायची. आत भुंगेरे असतातच, ते आतला ऑक्सिजन संपवतात, मग त्यांचं खाणं थांबतं, वाढ थांबते आणि मरतात. औषध नाही, वीज नाही. याचा खरा फायदा असा की किडीच्या भीतीने सुगीत पडेल त्या भावाला विकणारा शेतकरी चार-सहा महिने थांबू शकतो.

साठ्याबद्दलही एक गैरसमज आहेच, गोदाम भरलं की निश्चिंत. धान्य जिवंत असतं, श्वास घेतं. गव्हात ओलावा १२-१३ टक्क्यांवर ठेवावा लागतो, १४ च्या वर गेला की बुरशीला रान मोकळं, आणि ढिगाच्या पोटात कुठे किडे झाले की त्यांच्या उष्णतेने तेवढी जागा तापते, घाम सुटल्यासारखी ओल धरते, तिथून कुजणं पसरतं आणि वरून बघणाऱ्याला पत्ता नसतो. म्हणून तपमान बघत राहायचं, हवा खेळवायची, जुना माल आधी बाहेर काढून नवा भरायचा. हे वर्षानुवर्षं, काहीही संकट आलेलं नसताना करत राहायचं, आणि नेमका इथेच धीर सुटतो. नॉर्वेने पन्नाशीच्या दशकात धान्याचे साठे बांधले आणि २००३ मध्ये बंद केले, आता कशाला लागतात म्हणून. मग कोविड, मग युद्ध, आणि २०२४ मध्ये पुन्हा कंपन्यांशी करार करून गहू साठवायला सुरुवात, लक्ष्य तीन महिन्यांचं.

स्वित्झर्लंडने हे कधीच सोडलं नाही. तिथे आयात करणाऱ्या कंपन्यांना धान्य, साखर, तेल यांचा काही महिन्यांचा साठा कायद्याने ठेवावाच लागतो, माल त्यांच्याच धंद्यात फिरत राहतो त्यामुळे सडत नाही, आणि खर्च शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलातून निघतो. या यादीत कॉफीही आहे. २०१९ मध्ये सरकारने म्हटलं कॉफीत कॅलरी जवळजवळ नसतात, ती जगायला आवश्यक नाही, सुमारे १५,००० टनांचा हा साठा कशाला सांभाळायचा, काढून टाकू. लोक आणि कंपन्या दोघंही इतके खवळले की तो बेत गुंडाळून ठेवावा लागला.